हात ओळखीचा, तोंड अनोळखी

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला कायद्याने मनाई झाली आणि आपल्याकडच्या 'मोबाइल काढून घ्या' या मागणीला नवा जोर चढला. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही या विषयावर कार्यक्रम ठेवला तरी बोलणं दोन ठरलेल्या चाकोऱ्यांतून चालतं. सकाळी पालकांना सांगितलं जातं की या मोबाइलने घरातलं बोलणं संपवलं, नाती संपवली, पोरं हातची गेली. दुपारी बचत गटाच्या बायांना आणि केळी उत्पादकांना सांगितलं जातं की याच मोबाइलवर रील टाका, सगळं जग तुमची बाजारपेठ आहे आणि जाहिरातीला एक रुपया लागत नाही. ऐकणारी माणसं बहुधा त्याच घरांतली असतात. त्यांनी घरी जाऊन करायचं काय?

दोन्ही वक्ते यंत्राबद्दल बोलतात, बोलणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. माझं म्हणणं असं आहे की मोबाइलवर किती तास जातात किंवा रीलला किती लाइक पडतात हा मूळ प्रश्नच नव्हे. आपल्यापर्यंत येणाऱ्या शब्दामागचा हात ओळखीचा असतो आणि तोंड अनोळखी असतं, ही खरी अडचण आहे. निरोप मामांच्या नंबरवरून येतो, म्हणून मामांवरचा विश्वास आपण त्या निरोपाला लावतो. पण तो मामांनी लिहिलेला नसतो, तपासलेला नसतो आणि खोटा निघाला तर त्यांच्या अंगावरही येत नाही. 'आला तसा पाठवला' एवढं म्हटलं की मामा मोकळे. रोजच्या बोलण्यात यातून अफवा निघते आणि बाजारात फसवणूक. म्हणून नातेसंबंधांची चर्चा वेगळी आणि मार्केटिंगची वेगळी, अशी वाटणी मला मान्य नाही.

दवंडी आठवून पाहा. डफ वाजायचा, 'ऐका हो ऐका' व्हायचं आणि सारा किंवा पाणीपट्टी भरायची तारीख गावभर कळायची. दवंडी देणारा कोण हे पोरासोरांनाही ठाऊक असायचं. त्याच्यामागे पाटील, पाटलामागे मामलेदार. दवंडीतलं न पटणारं, अन्यायाचं पुष्कळ असेल. पण जाब विचारायला एक दार होतं. आठवडे बाजारातल्या हाळीचंही तसंच. 'गोड हायेत, चाखून पाहा' म्हणणारा पुढच्या आठवड्यात त्याच झाडाखाली बसणार असतो. खोटं बोलायला त्याला कोणी बंदी घातलेली नसते, पण पुढच्या बाजाराची भीती असते. आजच्या माध्यमाने हाळी हजारपट मोठी केली आणि नेमकी ती भीती काढून टाकली.

आता मोबाइलच्या बाजूने जे खरं आहे ते आधी मान्य करू. मोबाइलने बोलणं संपवलं, हे खानदेशाबाबत तरी अर्धवट खरं आहे. तापीच्या काठाने जाणाऱ्या भुसावळ–सुरत रेल्वेमार्गाने पिढ्यान्‌पिढ्या माणसं कामाला सुरतेला गेली. उधना, लिंबायत भागात अहिराणी बोलणारी वस्तीच उभी राहिली. त्या माणसांचं गावाशी बोलणं पूर्वी किती होतं? दिवाळी, अक्षय्य तृतीया, एखादं लग्न आणि अधूनमधून एसटीडी बूथवरचा घाईचा फोन, डोळे मीटरवर. आज शिरपूर तालुक्यातली आजी सुरतेतल्या नातवाला आवाजी निरोप पाठवते, 'काय करी ऱ्हायना रे भाऊ?' अहिराणी कोणाला शाळेत लिहायला शिकवलेली नाही. पत्र लिहायचं तर प्रमाण मराठीत, म्हणजे स्वतःच्या भाषेबाहेर जाऊन. आवाजी निरोपाने ही अडचण एका फटक्यात मिटवली. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळाले. कॉलेजात अहिराणी बोलायला लाजणारी मुलं आता तिच्यात व्हिडिओ करतात. लेवा गणबोली, भिली या इथल्या बोलीही आता फोनवर बिनधास्त ऐकू येतात. ज्यांना हे सगळं 'वेळेचा अपव्यय' वाटतं, त्यांनी या भाषांना दुसरं कोणतं व्यासपीठ दिलं होतं?

नीट पाहिलं तर या सगळ्या चांगल्या उदाहरणांत तोंड ओळखीचं आहे. आजीचा आवाज आजीचाच आहे. बिघाड सुरू होतो तो कोणाचंही नसलेलं बोलणं आजीच्या हातून पुढे जायला लागतं तेव्हा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. मुलांच्या अभ्यासासाठी तो चांगलाच आहे आणि गावाने मिळून ठरवलेला असल्यामुळे टिकाऊही आहे. पण साडेआठला मोबाइल पुन्हा सुरू होतो, तेव्हा त्यावर येणाऱ्या शब्दाचं काय करायचं, हे भोंगा सांगू शकत नाही.

याची सर्वांत भयंकर किंमत खानदेशानेच मोजली आहे, आणि इथल्या चर्चासत्रांत तिचा उल्लेख टाळला जातो याची मला खंत वाटते. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना 'मुलं पळवणारी टोळी' समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. त्याआधी कित्येक दिवस मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे निरोप आणि क्लिपा व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा क्लिपांपैकी एक मूळची कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीची होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात आणि शेवटी परत आणून सोडतात, हातात फलक धरतात की मूल पळवायला एवढा क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कोणीतरी शेवट कापला. मुलांच्या रक्षणासाठी केलेली जाहिरात माणसं मारायच्या कामी आली. कापणाऱ्याचं नाव आजही कोणाला ठाऊक नाही. पुढे पाठवणारे मात्र सगळे ओळखीचे होते: भाऊ, मेहुणे, मित्र. पोरांच्या काळजीपोटीच त्यांनी ती पाठवली असेल. ही काळजी खरी असते, म्हणूनच अफवेला एवढी धार येते.

यावर कोणी म्हणेल, अफवा व्हॉट्सअॅपने थोडीच जन्माला घातली? बरोबर आहे, आणि मोबाइलच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली. मोबाइल भारतात येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. काम लँडलाइनने केलं. मग फरक काय? लँडलाइनवर बोलणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागत होतं आणि पलीकडचा विचारू शकत होता, 'तुम्ही स्वतः पाहिलं का?' प्रत्येक हाताशी बातमी क्षणभर अडत होती. फॉरवर्डमध्ये ते अडणंच नाही. अंगठा हलतो, बोलावं लागत नाही. राईनपाड्याच्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, आधीच पाच किंवा जास्त वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असे निरोप त्यामुळे ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनेच सांगितलं. याचा सरळ अर्थ असा की ज्याला आपण 'लोकांचा स्वभाव' म्हणत होतो, त्यातला मोठा भाग बटणाच्या रचनेत होता. मग ही मर्यादा आधी का घातली गेली नाही, हा प्रश्न कंपन्यांना विचारायलाच हवा. गावातल्या माणसाला नुसती अक्कल शिकवून हा वाद मिटत नाही.

गावापुरतं करण्यासारखंही पुष्कळ आहे आणि ते अगदी साधं आहे. ग्रामपंचायतीचा ग्रुप असेल तर सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करावं. प्रत्येक निरोपाखाली दिनांक, लिहिणाऱ्याचं नाव आणि उलट विचारायला फोन नंबर असावा. दिनांकाचं महत्त्व किती, ते अंत्ययात्रेच्या निरोपांवरून कळतं. 'अंत्ययात्रा उद्या दुपारी चारला राहत्या घरून' हा निरोप फिरत फिरत तिसऱ्या दिवशी कोणाला मिळतो आणि तो माणूस शंभर किलोमीटरवरून निघतो. 'उद्या' म्हणजे कधी? हरवलेल्या मुलाचा फोटो, मूल सापडल्यावरही वर्षानुवर्षं फिरत राहतो, कारण सापडल्याचा निरोप कोणी त्याच आवेशाने पाठवत नाही. दिनांक आणि नाव नसलेला निरोप पुढे पाठवायचा नाही, एवढा एक नियम ग्रुपने पाळला तरी पुष्कळ कचरा आपोआप थांबतो.

आता बाजाराकडे वळू. 'मोबाइलवर भाव कळला की शेतकरी सुटला' हे विधान इतक्या वेळा होतं की त्याची परीक्षा घेणंच राहून गेलं. त्याच्या बाजूचा पुरावा मजबूत आहे. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल सेवा आली तेव्हा मासेमारीच्या बाजारात काय झालं, याचा रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. बंदराबंदरांतली भावाची तफावत जवळपास मिटली, विकले न गेलेले मासे समुद्रात फेकणं थांबलं, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासे ४ टक्क्यांनी स्वस्त पडले. म्हणजे विकणारा आणि घेणारा, दोघांचाही फायदा झाला. पण आपल्याच महाराष्ट्रातल्या शंभर गावांत, शेतकऱ्यांना एसएमएसने भाव आणि हवामान कळवण्याच्या सेवेचा अभ्यास फाफशाँ आणि मिंटेन यांनी केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात ठळक फरक आढळला नाही. मोबाइल दोन्हीकडे होता आणि भावही कळत होता. मग एकीकडे फायदा झाला आणि दुसरीकडे का नाही?

उत्तर रावेर-यावलच्या केळीच्या बागेत उभं राहिलं की दिसतं. मच्छीमाराची होडी त्याची स्वतःची. भाव कळला की सुकाणू फिरवून तो दुसऱ्या बंदराला जाऊ शकतो. केळीवाल्याला सकाळी बऱ्हाणपूरचा भाव कळतो, रावेरचा कळतो. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी अशा केळीच्या प्रकारांचे वेगवेगळे कळतात. पण घड कापणारी टोळी व्यापाऱ्याची, गाडी व्यापाऱ्याची, काटा बऱ्याचदा त्याच्याच ओळखीचा, आणि पैसे नंतर. घड भरून तयार झाला की चार-आठ दिवसांपलीकडे थांबता येत नाही. ऊन वाढलं की घड झाडावरच पिकायला लागतो. अशा वेळी व्यापारी म्हणतो, 'तो भाव बोर्डाचा (म्हणजे जाहीर केलेला), तुमच्या मालाला एवढाच', आणि वर घडाच्या दांड्याच्या वजनाची कपात. मोबाइलवरचा आकडा शेतकऱ्याच्या हातात आहे, पण सुकाणू नाही. उलट ग्रुपवर फिरणाऱ्या भावपत्रकांवर नाव कोणाचं असतं? भाव वाढणार म्हणून माल रोखा, भाव पडणार म्हणून लवकर कापा, असे निरोप ऐन हंगामात कोण लिहितं आणि त्यात कोणाचा फायदा असतो? इथेही हात शेजारच्या शेतकऱ्याचा आणि तोंड अनोळखी.

म्हणून मोबाइल निरुपयोगी ठरतो, असं मी म्हणत नाही. त्याचा उपयोग वेगळ्या जागी आहे. वीस-पंचवीस उत्पादकांचा छोटा ग्रुप, सगळे एकमेकांना ओळखणारे. नियम असा की जाहीर भाव टाकायचाच नाही, स्वतःला मिळालेला टाकायचा: तारीख, गाव, व्यापारी, मालाचा प्रकार, क्विंटलचा दर, कपात किती किलो, पैसे किती दिवसांनी आले. सोबत काटापट्टीचा, म्हणजे वजनाच्या चिठ्ठीचा फोटो. महिनाभरात अशा नोंदी जमल्या की कोण बोर्डाच्या किती खाली घेतो आणि कोण पैसे अडकवतो, ते उघडं पडतं. मग दहा जणांनी मिळून एका दिवशी कापणी द्यायची आणि गाडी ठरवायची. भाव तेव्हा हलतो, कारण आता थोडंसं सुकाणू हाती आलेलं असतं. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून पेटीवर ते लावलं तर 'जळगावची' म्हणून कुठलीही केळी विकणाऱ्याला उत्तर देता येतं. हे काम दहा रीलपेक्षा कंटाळवाणं आहे, पण पैसे यात आहेत.

बचत गटांच्या मालाबद्दल तर मला फार पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण 'फुकट जाहिरात' या शब्दाने सर्वांत जास्त नुकसान त्यांचं होतं. मान्य करतो, दुकानाचं भाडं नाही, दलाल नाही, घरबसल्या ऑर्डर येते आणि पहिल्यांदाच एखाद्या बाईच्या नावावर कमाई जमा होते. ही लहान गोष्ट नाही. पण हिशोब पाहा. कुरडया हलक्या, तरी जागा फार खातात. दोन किलो कुरडया न मोडता पाठवायच्या तर खोकं धरा ४० × ३० × २५ सेंटिमीटरचं. कुरिअरवाला वजनकाट्यावर थांबत नाही. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार ५००० ने भागतो. ३०,००० भागिले ५००० म्हणजे ६ किलो. दोन किलो मालाला सहा किलोचं भाडं. किलोला ६० रुपये दर धरला तर ३६० रुपये केवळ पोचवायला, आणि कुरडया किलोला तीनशेने विकल्या तर एकूण विक्री सहाशेची. उडदाचे पापड किंवा बिबड्या (ज्वारीचे पापड) एकावर एक रचता येतात, खोकं लहान बसतं, तिथे हे गणित जमतं. रील कशाचा करायचा हे आधी खोक्याने ठरवावं. कुरडईचा रील सुंदर दिसतो आणि तोट्यात घालतो.

दुसरी चूक अंतराची. हिवाळ्यात भरिताचा व्हिडिओ पुण्या-मुंबईत दोन लाखांनी पाहिला, तरी ताजं भरीत विकलं जाणार जळगाव-भुसावळच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत. पैसे भरून जाहिरात करायचीच तर गावाची खूण लावून भोवती किती किलोमीटर ते निवडता येतं. ते न बदलता 'बूस्ट' हे पैसे भरून व्हिडिओ पसरवायचं बटण दाबलं की पैसे भलत्याच गावांत जातात. तिसरी चूक सर्वांत घातक: क्षमता. पाच बायांचा गट दिवसाला किती पापड लाटतो, हे आधी मोजलेलं नसतं. व्हिडिओ गाजतो, आठवड्यात तीनशे ऑर्डरी येतात, आगाऊ पैसे घेतले जातात, माल पुरत नाही. मग कोणीतरी सुचवतं, बाजारातून तयार पापड आणून आपल्या पिशवीत भरू. त्या दिवशी गटाचा हातही अनोळखी होऊन जातो.

मग विकायचं कसं? व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणांपर्यंत नंबर घालता येतात आणि तो निरोप ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतो. बरेच जण या अटीला अडथळा समजतात. माझ्या मते संपूर्ण माध्यमात छोट्या विक्रेत्यासाठी याहून चांगली सोय नाही. ज्याने नंबर ठेवला त्याने तुम्हाला ओळखीचं मानलं. त्याच्यापाशी तुमचा हात आणि तोंड एकच आहे. असे दोनशे नंबर जमवायला दोन वाळवणाचे हंगाम लागतात. फेब्रुवारीत निरोप जावा: काय काय करणार, किलोचा भाव, पोचवण्याचा खर्च वेगळा दाखवून, आणि एकूण किती किलोच घेणार ती मर्यादा. मर्यादा भरली की 'यंदाची नोंदणी संपली' असं मोकळेपणाने लिहावं. पिशवीवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, शाकाहाराची हिरवी खूण, गटाचं नाव-पत्ता-फोन आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक. काहींना हे सरकारी झंझट वाटतं. मला तो पिशवीवर लावलेला चेहरा वाटतो: तक्रार असेल तर या दारात या.

खानदेशाला हे नवीन नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरात वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली, पुढे जी विप्रो म्हणून जगाला कळली. 'सनफ्लॉवर' तूप आणि '७८७' नावाचा कपड्यांचा साबण ही तिची सुरुवातीची उत्पादनं. अमळनेरच्या माणसांनी तिचे शेअर घेतले, घराघरांत सांभाळून ठेवले आणि त्यातून कुटुंबं उभी राहिली. ते शेअर घेणाऱ्यांना शेअर बाजार कळत होता असं नाही. कारखाना कुठे आहे, चिमणीतून धूर निघतो का आणि मालक कोण, हे त्यांना कळत होतं. आज त्याच भागातल्या माणसाला एक दिवस कोणीतरी 'व्हीआयपी ट्रेडिंग' ग्रुपमध्ये घालतं. रोज नफ्याचे स्क्रीनशॉट पडतात, 'धन्यवाद सर' म्हणणारे सदस्य बहुतेक एकाच टोळीचे असतात, मग एका ॲपवर पैसे भरायला लावतात. ॲपमधला नफा वाढताना दिसतो आणि काढायला गेलं की आधी 'कर' भरा म्हणतात. इथे कारखाना नाही, धूर नाही, दार नाही. पैसे गेल्यावर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवण्याची शक्यता असते. जितके तास जातात तितकी ती रक्कम खात्याखात्यांतून पांगत जाते.

लग्नसराईत तर मी म्हणतो ती गोष्ट अक्षरशः घडते. नातेवाइकाच्या नंबरवरून लग्नपत्रिका येते, फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका ही चित्राची किंवा पीडीएफची फाइल असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप. ते उघडून परवानग्या दिल्या की बँकेचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात आणि तुमच्या फोनवरून तीच 'पत्रिका' तुमच्या सगळ्या नातेवाइकांना सुटते. नंबर खरोखरच काकांचा असतो. पत्रिका काकांची नसते. अशा वेळी काकांना फोन करून 'लग्न कोणाचं?' एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो.

चेहरे विकत घेणाऱ्या जाहिरातीलाही हेच लागू आहे. स्थानिक खाद्यपदार्थांचे, दागिन्यांचे, क्लासेसचे व्हिडिओ करणारी तरुण मुलं मेहनती आहेत. त्यांनी पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत. पूर्वी भिंती रंगवायला पैसे लागत, आता चेहऱ्याला लागतात. पण भिंतीने कधी आपला मित्र असल्याचं भासवलं नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ती जाहिरात आहे हे ठळकपणे सांगायला हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'जाहिरात' हा एक शब्द व्हिडिओच्या सुरुवातीला लिहिल्याने गिऱ्हाईक पळतं, ही भीती मला खोटी वाटते. उलट ज्याने तो लिहिला, त्याची बिनपैशाची शिफारस पुढे दुपटीने मानली जाईल.

आणि हे सगळं ज्या एका ठिकाणी एकत्र येतं ते म्हणजे कापसाचं बियाणं. खानदेशात बागायती कापसाची लागवड मे अखेरीसच सुरू होते, म्हणून एप्रिलपासून ग्रुपांवर निरोप फिरायला लागतात: तणनाशक मारलं तरी न मरणारं वाण आलं आहे, पाकिटं मर्यादित, या नंबरवर फोन करा. निरोप पाठवणारा गावचाच असतो, गेल्या वर्षी त्याचं पीक बरं आलेलंही असतं. अशा तणनाशक-सहनशील कापसाच्या बियाण्याला देशात मंजुरी नाही, त्यामुळे पावती मिळत नाही. न उगवल्यास तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे ठेवायला हातात काहीच उरत नाही. समितीला पंचनाम्यासाठी पक्की पावती, रिकामी पिशवी, तिच्यावरचा टॅग, लॉट क्रमांक आणि जमल्यास बाजूला ठेवलेलं थोडं बियाणं लागतं. तण काढण्याची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी या बियाण्याकडे वळतो, हे मला पूर्ण मान्य आहे. त्याला मूर्ख म्हणणाऱ्याने एकदा जुलैत निंदणीचा खर्च विचारावा. तरीही पावती नसलेलं पाकीट म्हणजे तोंड नसलेला शब्द, आणि यात पणाला लागतो तो संपूर्ण हंगाम. असा निरोप ग्रुपवर आला तर ॲडमिनने तो लगेच उडवू नये. त्याखाली लिहावं: 'दुकानाचं नाव, परवाना क्रमांक, लॉट क्रमांक सांगा आणि पक्की पावती देणार का ते सांगा.' उत्तर आलं तर ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) दाखवावं. नाही आलं तर तो प्रश्न आणि त्याखालची रिकामी जागा लागवड होईपर्यंत ग्रुपवर तशीच राहू द्यावी.